दातोबाची गणती

होबार्ट, टास्मानिया
९ नोव्हेंबर १९९७

तीर्थरूप बिरूमामांस,
भाची बानूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. पाच ओळींत चार प्रश्न आणि एक दटावणी, हे फक्त तुम्हालाच जमतं. आईशी रविवारी टेलिफोनवर तीन मिनिटं बोलणं होतं, पण ती जेवलीस का आणि स्वेटर घातलास का याच्या पुढं जात नाही. त्यामुळं करमाडच्या पारावर कुणी विचारलं की भाची एवढ्या लांब जाऊन करते काय, तर तुम्हाला काही सांगता येत नाही. तुमचा राग खरा आहे. म्हणून आज सविस्तर लिहिते.

इथून दक्षिणेला बर्फाच्या दिशेनं बोटीत चार-पाच दिवस काढले की एक बेट लागतं. माणूस राहत नाही. पेंग्विन, सील आणि वारा, एवढीच तिथली वस्ती. त्याच्या भोवतालच्या समुद्रात, किलोमीटर-दीड किलोमीटर खोल, एक मासा राहतो. त्याच्या इंग्रजी नावात दात आहेत, म्हणून मी त्याला दातोबा म्हणते. तुमच्या उंचीचा होतो, वजनाला तुमच्याहून जास्त भरतो, पन्नास वर्षं जगतो आणि आठ-दहा वर्षांचा होईपर्यंत अंडी घालत नाही. गेल्या तीन-चार वर्षांपासून मोठ्या बोटी त्याला धरायला लागल्यात. किती धरू द्यायचे हे वीस-बावीस देश मिळून ठरवतात. पण त्यासाठी मुळात मासे आहेत किती, हे कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणाऱ्यांत मी सगळ्यांत धाकटी.

आता तुम्ही विचाराल, खोल पाण्यातले मासे मोजायचे कसे? आपण मेंढराच्या कानाला खूण करतो ना, तशी मी या फेब्रुवारीत सहाशे दातोबांच्या पाठीवर नंबराची बारीक प्लॅस्टिकची खूण टोचून त्यांना परत सोडलं. पोत्यात हरभरे आहेत असं समजा. शंभर हरभरे काढून गेरूनं लाल केले, पोत्यात टाकले आणि पोतं चांगलं हलवलं. मग पुन्हा शंभर काढले. त्यात दहा लाल निघाले, म्हणजे दर दहात एक लाल, म्हणजे पोत्यात हजार हरभरे. दोनच निघाले तर पाच हजार. बस, एवढंच माझं शास्त्र. पुढच्या महिन्यात बोटीवर जाते आणि किती खुणा परत सापडतात ते बघते.

मामींना सांगा, स्वेटर तीन आहेत. तुमचा तंबाखू सुटला का, हे मुद्दाम शेवटी विचारते.

आपल्या मायेची ऊब इथवर पोचते, ती अशीच पोचत राहो, ही विनंती.

आपली,
बानू


॥ बिरोबा प्रसन्न ॥
मु. करमाड
ता. २ डिसेंबर ९७

चि. बानीस,
बिरूमामाचा पोटभर आशीर्वाद. इकडं समदे खुशाल हायेत. तुझी खुशाली कळवीत जावी.

तुझा कागद तीनदा वाचला. एकदा मी, एकदा तुझ्या मामीला मोठ्यानं, आन् एकदा पारावर. पारावर लई गोंधळ झाला. पन्नास वर्षं जगणारा मासा म्हणल्यावर रामकिसन पोस्टमन म्हणाला, बिरूबा, ही बातमी तुम्ही वाढवून वाचता. मी त्याला तुझं अक्षर दाखवलं तवा गप झाला.

मामी विचारती की पाठीत टोचल्यावर मासा मरत नाय का. आन् एवढ्या खालून वर आणला तर त्याचा जीव कसा ऱ्हातो? हे तिला नीट कळव, तिनं जेवताना दोनदा काढलंय. पोर माशाला दुखवती हे तिला बरं वाटंना.

तुझ्या हरभऱ्याचं माझ्या ध्यानात आलं. चौथीपर्यंत शिकलो तरी गुणाकार-भागाकार पक्का हाय. पण मला एक सांग, हे मेंढरावर चालंल का? तुला मालूम हाय, नजर लागंल म्हणून धनगर आपल्या मेंढराचा आकडा तोंडानं सांगत नाय. माझ्याच सख्ख्या भावाची किती हायेत, ते मला ठावं नाय. संक्रांतीनंतर आम्ही समदे नाथसागराच्या काठाला उतरू. धरणाचं पाणी मागं सरलं की तिथं हिरवं गवत लागतं, सात-आठ जणांचे कळप येतेत. तिथं तुझं शास्त्र लावून बघतो. कारभारी बी येणार हाय. त्याला तू वळखती, आपल्या बाजूच्या वाडीचा, कशावर बी इश्वास न ठेवणारा.

तंबाखूचं म्हणशील तर, पुढल्या कागदात लिहितो.

पुढचा कागद पैठण पोस्टात ठेवायला सांग, बाजाराच्या दिवशी घेईन.

मायेत खंड पडू देऊ नको, एवढंच मागणं.

तुझा मामा,
बिरू


बोटीवरून (बंदरात उतरल्यावर टाकीन)
२२ फेब्रुवारी १९९८

ती. मामा आणि मामींच्या चरणी बानूचा नमस्कार.

आधी मामींचं उत्तर. या माशाच्या पोटात हवेची पिशवी नसते, म्हणून खालून वर आणला तरी फुगून मरत नाही. ओल्या फडक्यावर ठेवायचा, दोन टोचे, लांबी मोजायची आणि पाण्यात. मिनिटभराचं काम. सोडल्यावर तो शेपटीचा एक फटका मारतो आणि सरळ खाली जातो. तो फटका माझ्या थोबाडात दोनदा बसलाय, हे ऐकून मामींना बरं वाटेल.

मामा, इथं लाटा अशा येतात की ताटातला भात वाटीत जातो. आमच्या मागं अल्बट्रॉस नावाचे पक्षी दिवसभर असतात. पंख पसरले तर तुमच्या धोतराएवढे. गळाच्या आमिषावर झडप घालायला जातात आणि अडकून मरतात, म्हणून बोटीच्या मागं रंगीत फिती सोडलेल्या असतात. ज्वारीवरची पाखरं हाकलायला शेतात चिंध्या बांधतात ना, अगदी तसं. खलाशी आधी कुरकुरायचे, आता पक्षी वाचला की टाळ्या वाजवतात.

आणि ऐका. चौदा जानेवारीला दुपारी दोरी वर येत होती. पाच किलोमीटरची दोरी, हजारो गळ. एक खलाशी ओरडला. बघते तर एका दातोबाच्या पाठीवर माझी खूण! नंबर २१७. मीच मागच्या फेब्रुवारीत टोचलेली. वर्षभरात चार सेंटिमीटर वाढला होता. मामा, मी सगळ्यांसमोर रडले. कप्तानानं भोंगा वाजवला. स्वयंपाक्यानं केक केला आणि त्यावर २१७ लिहिलं. त्याच आठवड्यात आणखी तीन सापडल्या.

पुढचे पाच आठवडे मात्र एकही नाही. एकूण आठ हजार मासे तपासले, खुणा चार. तुमच्या हरभऱ्याच्या हिशेबानं दातोबा निघतात बारा लाख! आमचे मुख्य शास्त्रज्ञ रसेलसाहेब तिकडून फॅक्सनं कळवतात की एवढे असतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. मे महिन्यात सगळ्या देशांची बैठक आहे. तिथं आमचा अहवाल गेला की मासेमारीची मर्यादा तिप्पट करतील, असं बोटीवर सगळे खुशीत बोलतात. त्या अहवालावर माझंही नाव असेल. मामींच्या ताटातल्या बाजरीच्या दाण्यांवर मोजायला शिकलेल्या पोरीचं.

एक गोष्ट आईला अजून सांगितलेली नाही. दोन वर्षांत परत येईन असं कबूल केलं होतं, ते जूनमध्ये संपतं. रसेलसाहेब म्हणतात, आणखी तीन वर्षं थांब. मला थांबायचंय. आईला हे टेलिफोनवर सांगायचं धाडस नाही. तुम्ही काही करू शकाल का?

आपला वरदहस्त असाच राहावा.

आपली,
बानू


॥ बिरोबा प्रसन्न ॥
मु. नाथसागराचा काठ, पैठणजवळ
ता. २० मार्च ९८

चि. बानीस अनेक आशीर्वाद.

बानी, तुझ्या मामाची पाठ मोडली. कशी ते ऐक.

इथं सात जणांचे कळप उतरले. एका दिवशी मी बोलून बसलो की कुणाला काय बी न विचारता समद्यांची मिळून किती मेंढरं हायेत ते सांगतो. कारभारी लगेच उठला. शर्त लागली. जो हारंल त्यानं दुसऱ्याचा समदा कळप कातरून द्यायचा.

तू लिहिल्यापरमाणं केलं. गेरू कालवला. माझ्या आन् शेजारच्या दोघांच्या कळपातली शंभर मेंढरं धरून कपाळं लाल केली. मग चार दिवस थांबलो. एकाच माळावर चरतेत, एकाच पाण्याला येतेत, म्हणलं मिसळली असतील. पाचव्या दिवशी शंभर धरून बघायची वेळ आली, तर कारभारी म्हणाला, तुझ्याकडची धरशील तर लालच धरशील, पलीकडं माझ्या बाजूला चल. मी म्हणलं चल. तिकडं शंभर धरली. लाल निघाली दोन. गुणाकार केला, भागाकार केला, आन् छाती पुढं काढून सांगितलं, पाच हजार!

लोक हसायला लागले. कारभारीनं दोन बाभळीच्या मधून एकेक मेंढरू सोडलं आन् दर मेंढराला एक खडा टाकत गेला, म्हंजे कुणाचा आकडा कुणाला कळू नये. खडे मोजले. अकराशे चाळीस.

कुठं पाच हजार आन् कुठं अकराशे! तुझी मामी तर अशी हसली की भाकर करपली. मी तुझ्या शास्त्राला मनातल्या मनात लई शिव्या घातल्या. मग तीन दिवस कारभारीची दीडशे मेंढरं कातरली.

पण कातरताना एक ध्यानात आलं. दीडशे मेंढरांची डोकी माझ्या दोन गुडघ्यांमधून गेली, आन् एक बी कपाळ लाल नव्हतं. दीडशेत एक बी नाय! अलीकडं तर जिकडं बघावं तिकडं लाल. तवा कळलं. मेंढरू दिसायला माळभर फिरतं, पण आपला कळप सोडत नाय. ती दोन लाल निघाली ती चुकार होती, वाट चुकून तिकडं गेलेली. मी रंगवली एकीकडं आन् मोजली दुसरीकडं. पोतं हलवलंच नव्हतं, बानी. मंग आकडा फुगणारच.

शास्त्र तुझं खरं असंल, मामाच कच्चा. पण तुझे मासे तरी मिसळतेत का गं? का ते बी मेंढरावाणीच हायेत?

तुझ्या आईचं काम माझ्याकडं. बिनघोर ऱ्हा. कातरणीनं वाकलेली पाठ सरळ झाली की औरंगाबादला जातो.

मामावरची माया पाच हजारावरून अकराशेवर आणू नको, ही विनंती.

तुझा मामा,
बिरू


होबार्ट
१२ एप्रिल १९९८

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या खोलीतून लोक बघायला आले. मग मासे मिसळतात का, हा तुमचा प्रश्न आला आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं.

मासे मिसळले पाहिजेत, हे आमच्या पुस्तकात पहिल्याच पानावर आहे. मी ते वाचलंय, परीक्षेत लिहिलंय, तुम्हालासुद्धा लिहिलं होतं. पण वर्ष गेलं, समुद्र केवढा, मासा केवढा, मिसळले असतीलच, असं सगळ्यांनी धरून चाललं आणि मीही धरलं. तुमचं पत्र हातात तसंच ठेवून नकाशा काढला. मागच्या वर्षी सहाशे खुणा केल्या त्या सगळ्या बेटाच्या उत्तरेच्या एका दरीत. पाण्याखाली डोंगर-दऱ्या असतात तिथं. यंदा मासेमारी झाली दक्षिणेच्या उतारावर, साठ किलोमीटर लांब, कारण तिकडं हवा बरी होती. फक्त जानेवारीतला एक आठवडा आमची बोट उत्तरेला होती. आणि चारही खुणा त्याच आठवड्यातल्या. प्रत्येक मासा जिथं सोडला होता तिथून दहा किलोमीटरच्या आत सापडलेला. मामा, माझे दातोबा मेंढरंच आहेत. मी लाल कपाळं अलीकडं केली आणि मोजली कारभारीच्या बाजूला.

बारा लाख हा आकडा खोटा आहे. खरा किती ते मला माहीत नाही, पण खूप कमी असणार. त्या आकड्यावर मर्यादा तिप्पट केली तर जो मासा दहा वर्षांनी पहिली अंडी घालतो तो काही वर्षांत संपेल, आणि त्याच्यावर जगणारे सील आणि देवमासे उपाशी राहतील.

नकाशा घेऊन रसेलसाहेबांकडे गेले. ते उंच, म्हातारे, फार कमी बोलणारे. त्यांनी नकाशावर चहाचा कप ठेवला आणि उठून बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. जेवणानंतर परत आले आणि म्हणाले की त्यांनी नुसतं गणित तपासलं, नकाशा उघडलाच नाही, याची त्यांना लाज वाटते. पण अहवाल सगळ्या देशांना आधीच गेलाय. तो मागं घ्यायचा तर बैठकीत उभं राहून सांगावं लागेल. ते म्हणाले, चूक तू शोधलीस, तूच सांग.

मामा, वीस-बावीस देशांचे लोक. मासेमारी कंपन्यांची माणसं पहिल्या रांगेत. त्यांच्याच बोटीवर आम्हाला जागा मिळते. ते रागावले तर पुढच्या वर्षी मला कोण नेईल? आणि जिनं स्वतःचा अहवाल स्वतःच खोटा पाडला तिला तीन वर्षं कोण ठेवील? आईला समजवायचं काम जरा थांबवा. कदाचित मीच परत येईन.

तरी सांगणार आहे. फक्त तुम्ही एकदा लिहा की सांग.

आपल्या आशीर्वादाची आज जास्त गरज असलेली,
बानू


(कार्ड)
करमाड, ता. ३० एप्रिल ९८

चि. बानीस आशीर्वाद.

सांग.

मी शर्त हारलो तवा सात कळपांच्या धन्यांपुढं कबूल केलं. पाठ दुखली, पण मान खाली गेली नाय. तिथं नाय ठेवलं तर इथं ये, मेंढरं हायेत, मामी हाय. पण मला वाटतं ठेवतील. खरं बोलणारं माणूस बोटीवर बी लागतं आन् माळावर बी.

कार्डावर जागा नाय. सविस्तर तू लिही.

मामा


होबार्ट
३ जून १९९८

ती. मामा आणि मामींना बानूचा नमस्कार, आणि कारभारीदादांनाही, कारण त्यांनी तुम्हाला पलीकडं ओढलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

बैठक झाली! तुमचं कार्ड पर्समध्ये होतं. माझी पाळी आली तेव्हा पहिलं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले की आमचा आकडा चुकीचा आहे आणि तो मागं घ्यायला मी उभी आहे. सभागृहात एकदम कुजबुज. मी नकाशा लावला. उत्तरेला लाल ठिपके, दक्षिणेला निळे. मग मला पुढचं इंग्रजीच सुचेना, सगळं पाठ केलेलं डोक्यातून गेलं. आणि मी सरळ तुमची गोष्ट सांगितली. मामा, अख्खी! गेरू, लाल कपाळं, पाच हजार, दोन बाभळी, खडे, आणि तीन दिवसांची कातरणी. चार भाषांत दुभाषे बोलत होते. एका भाषेत हसू आलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. शेवटी फ्रेंच ऐकणारे हसले.

कंपनीचा एक गृहस्थ उठला आणि म्हणाला की मेंढरांवरून समुद्राचा निर्णय करायचा का. मी उत्तर द्यायच्या आत मागून एक म्हातारा उभा राहिला. चिलीचा जुना कप्तान, तीस वर्षं या पाण्यात काढलेला. तो म्हणाला की त्याचा बाप मेंढपाळ होता आणि या पोरीचा मामा बरोबर सांगतो. एका दरीतले मासे त्याच दरीत राहतात, हे दोरी टाकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, फक्त आजपर्यंत कुणी विचारलं नाही. त्याच्यामागं आणखी दोन कप्तान बोलले. बरं, ज्या कंपनीची मला भीती होती, तिचाच बोटीवरचा माणूस म्हणाला, त्यालाही तसंच वाटत होतं.

ठरलं ते असं. मर्यादा यंदा वाढवायची नाही. पुढच्या मोसमात दक्षिणेलाही खुणा करायच्या, आणि प्रत्येक बोटीनं दोन्हीकडं दोऱ्या टाकायच्या. म्हणजे पोतं आपण हलवू शकत नाही, तर पोत्याच्या सगळ्या कोपऱ्यांतून मूठ भरायची. हे सगळं बघायची जबाबदारी माझ्यावर! रसेलसाहेब बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले की तीन वर्षं कमी पडतील, पाच लागतील. आणि कातरणीनंतर तुमची पाठ कशी आहे, हे त्यांनी दोनदा विचारलं.

आता आईचं तेवढं करा मामा. लवकर करा.

आपल्या मायेवर हक्क सांगणारी,
बानू


॥ बिरोबा प्रसन्न ॥
मु. करमाड
ता. २५ जून ९८

चि. बानीस आशीर्वाद.

काल औरंगाबादला तुझ्या आईकडं गेलतो. मामीला बी संगं नेलं, कारण माझी भैण सारजा मला कापून काढती पण वहिनीपुढं गप ऱ्हाती. पयले तिनं मला जेवू घातलं. मंग मी सांगितलं. मंग ती रडली. पोर परक्या मुलखात, लगीन नाय, रविवारी तीन मिनिटं आवाज, हे असं किती वर्षं, असं म्हणाली.

तवा मामी बोलली. ती म्हणाली, आक्का, आपण आठ-आठ महिने मेंढरामागं हिंडलो, आपल्या आईनं कधी म्हणलं का की घरी बस? ही पोर बी मेंढरामागंच हिंडती, फकस्त तिचं पाणी मोठं. मंग सारजा म्हणाली, दरसाल एक महिना घरी यायचं, आन् फोनवर पाच मिनिटं. मी दोन्ही कबूल करून आलो. तू मोडू नको.

तुझी गोष्ट पारावर वाचली. कारभारीला खास बोलवून वाचली. समद्या देशांच्या लोकांनी त्याचं नाव ऐकलं म्हणल्यावर त्यानं फेटा नीट केला.

माया आहेच, लिहायचं म्हणून लिहितो, ती राखावी.

तुझा मामा,
बिरू


बोटीवरून
२० फेब्रुवारी १९९९

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

परवा शेवटची दोरी वर आली. मोसमाच्या सुरुवातीला दक्षिणेलाही खुणा टोचल्या होत्या, आणि यंदा सगळ्या बोटींना मिळून दोन्हीकडून खुणा सापडल्या, एकशे एकोणीस! काल दिवसभर मी आणि एक खलाशी आकडेमोड करत बसलो, तीन वेळा, आणि नकाशा समोर पसरून. दातोबा आहेत पावणेचार लाखांच्या आसपास. बारा लाख नाहीत. मर्यादा तिप्पट झाली असती तर काय झालं असतं, याचा विचारच नको. आता आहे तेवढीच ठेवली तर मासेही राहतील आणि खलाशांची कामंही. उत्तरेच्या दरीत अंडी घालायच्या महिन्यांत दोऱ्या टाकायच्याच नाहीत, हे कप्तानांनी स्वतःहून सुचवलंय.

आज सकाळी समुद्र अगदी शांत होता. बोटीच्या बाजूला एक देवमाशीण पिल्लाला घेऊन आली. बराच वेळ होती. स्वयंपाक्यानं चूल बंद करून वर येऊन बघितलं.

तीन एप्रिलला औरंगाबादला पोचते. दोन दिवस आईजवळ, मग तुमच्याकडं. तुम्ही कुठं असाल?

घरची ओढ लागलेली,
बानू


॥ बिरोबा प्रसन्न ॥
मु. नाथसागराचा काठ
ता. १२ मार्च ९९

चि. बानीस आशीर्वाद.

कागद आजच पैठणात मिळाला. पावणेचार लाख म्हंजे लई झाले की! तेवढी मेंढरं तर साऱ्या जिल्ह्यात नसतील. देवमाशिणीचं मामीला दोनदा वाचून दाखवलं. तिनं विचारलं, पिल्लू केवढं होतं? ते येऊन सांग.

आता नीट वाच, मी कुठं हाय ते सांगतो. औरंगाबादहून पैठणची एसटी धर. पैठणात उतरायचं नाय, त्याच्या अलीकडं धरणाची भिंत दिसली की कंडक्टरला सांगून उतर. तिथून पाण्याच्या कडंनं मावळतीला चालत ये. दोन वाड्या सोड. मंग एक मोडकी विहीर लागंल, तिच्यापासून उजव्या हाताला धूर दिसंल. धूर दिसला नाय तर हाक मार. आवाज पाण्यावरून लई लांब जातो.

सकाळी लवकर निघ, ऊन लई तापतंय. नवं लुगडं-बिगडं नेसून येऊ नको. या हप्त्यात बावीस कोकरं झाली, एकीला जुळी बी. समदी अंगावर चढतेत आन् पदर चघळतेत. तुझ्यासाठी एक राखलंय, पांढरं, एक कान काळा. नाव ठेवलं नाय. तू आल्यावर ठेव.

मामीनं कालपासून बाजरी निवडायला घेतलीय. मी म्हणलं, अजून तीन हप्ते हायेत. तर म्हणाली, मंग काय झालं.

वाट बघणारा,
तुझा मामा बिरू